प्रश्नाशी भांडणारी कुंदा

“नळाला पाणी येतं हे कुणी सांगितलं ह्यांना?” कुंदा भर वर्गात ओरडली, आणि आमची अख्खी अभ्यासिका हसून लोळली.

जयदेव फळ्यापाशी खडू घेऊन तसाच उभा. हा जयदेव बदलापूरच्या पोस्टात काउंटरवर बसायचा, दोन परीक्षा पास झालेला पोरगा, आणि दर मंगळवारी आमच्याकडे फुकट शिकवायला यायचा. त्याने फळ्यावर लिहिलं होतं:

विधान: नगरपालिकेने नागरिकांना नळाचे पाणी उकळून पिण्याचे आवाहन केले आहे.
गृहीतक एक: नागरिकांच्या नळाला पाणी येते.
गृहीतक दोन: नागरिक असे आवाहन ऐकतात.

विधानात कुठलं गृहीतक दडलंय ते सांगायचं. फक्त एक, फक्त दोन, दोन्ही, का कुठलंच नाही. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेत असले प्रश्न हमखास. कुंदाने उत्तर दिलं होतं ‘कुठलंच नाही’.

“कुंदाताई, दोन्ही,” जयदेव म्हणाला.

“कशी दोन्ही? आमच्या गल्लीत चार दिवसाआड पाणी. आणि आवाहन कोण ऐकतं? रिक्षातला भोंगा काय बोलतो ते त्या रिक्षावाल्याला तरी कळतं का?”

“तुमचं बरोबर आहे. पण मार्क शून्य.”

हे साल दोन हजार सात. अंबरनाथला शिवमंदिराच्या मागच्या अंगाला, नाला ओलांडला की आमचा विहार. त्याच्या वरच्या खोलीत मी अभ्यासिका चालवायचे. चालवायचे म्हणजे शिकवायचे नाही. मी नववीत शाळा सोडलेली बाई, जे काय शिकले ते मोर्चात आणि पोलीस चौकीच्या बाकड्यावर. माझं काम म्हणजे बंद पडलेल्या कंपनीतून खुर्च्या मागून आणणं, विजेच्या मीटरसाठी ऑफिसात जाऊन टेबल वाजवणं, आणि घराघरातून सुनांना ओढून बाहेर काढणं. कुंदाला पण मीच काढलं. आज तिला बघून कुणी म्हणालं की ही आपल्या हिमतीवर पुढे आली, तर मी तिथल्या तिथे दुरुस्ती करते. हिंमत तिचीच, पण दार मी वाजवलं.

कुंदा चामटोलीची. बदलापूरला बारावी केली, लग्न होऊन अंबरनाथला आली, आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली. उंच, काटक, आवाज कापडाच्या दुकानातली कात्री चालावी तसा. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून जीन्सचे गठ्ठे घरी यायचे. शिलाईचे सुटलेले धागे कापायचे, पँटी मोजून परत द्यायच्या. दिवसभर मांडीवर पँट, हातात छोटी कात्री, आणि समोर भिंतीला टेकवलेलं पुस्तक. तिच्या बी.ए.च्या पुस्तकांना निळा रंग लागलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय.

परीक्षेत गणित तिचं पक्कं. इंग्रजी रडतखडत. पण बुद्धिमत्तेच्या भागात ती दरवेळी आपटायची, आणि तिथे ठरावीक मार्क पडले नाहीत की बाकीचं सगळं पाण्यात. तीनदा असंच झालं. तिसऱ्या निकालानंतर जयदेवने तिच्या सरावाच्या उत्तरपत्रिका घेतल्या, खिडकीत बसून चाळल्या, आणि मला बोलावलं.

“अंजनाताई, हिचं एकाच ठिकाणी चुकतंय. गृहीतकात. आणि गंमत म्हणजे हिचंच नाही. तुमच्या अभ्यासिकेतल्या सगळ्यांचं तिथेच चुकतं. बदलापूरच्या दुसऱ्या क्लासमध्ये मी हेच शिकवतो, तिथे नाही चुकत.”

मी भडकले. “म्हणजे आमची पोरं ढ?”

“ढ नाही. तुम्ही लोक प्रश्नाशी भांडता.”

मग त्याने समजावलं. सरकार म्हणालं, योजना आणली, की आमची पोरं आधी बघतात योजना खरंच आली का. साहेब म्हणाला, काळजी नको, की आमच्या पोरांना दुप्पट काळजी. लहानपणापासून मोर्चे बघितलेली पोरं ही. विधान वाचलं की ते खोटं पाडायची ह्यांना सवय. परीक्षेत विचारतात वेगळंच. गृहीतक खरं का खोटं हा प्रश्नच नसतो. बोलणाऱ्याने बोलताना पोटात काय धरलंय, एवढंच ओळखायचं.

“म्हणजे खोटं असलं तरी हो म्हणायचं?” कुंदा मागे येऊन उभी होती, मला पत्ता नाही.

“कबूल नका करू. ओळखा फक्त.”

“आणि ओळखून गप्प बसायचं?”

“पेपरपुरतं.”

तिने त्याच्या हातातल्या उत्तरपत्रिका ओढून घेतल्या आणि जिना उतरून गेली. मला वाटलं आता येत नाही ही. कारण वय संपत आलेलं. जातीची सवलत धरूनसुद्धा पुढचा एकच पेपर तिला देता येणार होता. त्यानंतर जाहिरात आली तरी ती वाचून बाजूला ठेवायची, बस.

पण पुढच्या मंगळवारी आली. आणि त्यानंतर तिने जे सुरू केलं, ते मला कुणी पुस्तकात लिहून दाखवलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं.

मी एका दुपारी तिच्या घरी गेले होते. चाळीतली दोन खोल्यांची जागा, नवरा प्रमोद आणि धाकटी नणंद पायल धरून चार माणसं. दारात कुंदा धागे कापतेय, आत तिची सासू. सासूला सगळी गल्ली माई म्हणायची. विहारात दर पौर्णिमेला पहिल्या रांगेत बसणार, वंदना सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणणार, आणि घरात तिच्या शब्दाबाहेर चहा उतू जाणार नाही. आतून माईचा आवाज आला, “कुंदे, गठ्ठा द्यायला जाशील तेव्हा येताना दळण घेऊन ये.”

“हो माई,” कुंदा म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघून हळूच एकेक बोट दुमडत, “एक, गठ्ठा मीच नेणार. दोन, गिरणीला लाइट असणार. तीन, डबा मला उचलतो. तिन्ही गृहीत.”

मी हसले. ती पण हसली. तेवढ्यात गठ्ठेवाल्या सिंधी शेठचा माणूस सायकल उभी करून म्हणाला, “भाभी, बुधवार तक पूरा माल चाहिए, साईं ने बोला है.” कुंदाने मान हलवली आणि परत पुटपुटली, “भाभीला आजारपण येत नाही. गृहीत.”

असा तिने सराव केला. पुस्तकातली विधानं जयदेवची, आणि घरातली माईची. महिन्याभरात उत्तरं बरोबर यायला लागली. जयदेव खूश. पण कुंदाचं काहीतरी बिनसलं. वर्गात बसल्या बसल्या पाय हलवत राहायची. मध्येच उठून खिडकीत जायची.

“काय गं, भूत लागलं का?” मी विचारलं.

“ताई, थांबतच नाही ओ हे. पहिले पेपरापुरतं करत होते. आता कुणी काही पण बोललं की ऐकू येतं. प्रमोद म्हणाले, साखर संपली वाटतं. ह्याच्यात मी. पायल म्हणाली, माझा ड्रेस वाळला का. त्यात मी. सगळ्यांच्या बोलण्याच्या पोटात मीच बसलेय. उठूनच येत नाही.”

“मग उठ.”

“तुम्ही पण काल काय म्हणालात? शनिवारच्या मोर्चाला पन्नास बायका होतील, कुंदा आहेच. कुंदा आहेच! मला विचारलं होतं?”

मला राग आला. सांगायला लाज कसली, अजून येतो. मोर्चा काय माझ्या बापाचा होता? तिच्याच गल्लीच्या नळाचा होता. मी तिला तसं तोंडावर सुनावलं, आणि ती मोर्चाला आली नाही. पंधरा दिवस आम्ही बोललो नाही.

बोलणं परत सुरू झालं ते हॉल तिकिटामुळे. कुंदा धावत जिना चढून वर आली, मी एकटीच खुर्च्या लावत होते. “ताई, पेपर येत्या रविवारी. ठाण्याला.”

“मग चांगलं आहे की.”

“त्याच रविवारी पायलला बघायला येतायत. इगतपुरीचे पाहुणे. जेवूनच जाणार. माईंनी आज जाहीर केलं, आणि मी ‘हो’ म्हणाले.”

“हो म्हणालीस? वेडी का खुळी?”

“तोंडातून निघालं.”

मी खुर्ची तिथेच आपटली, कुंदाचा दंड धरला आणि तिला घेऊन सरळ तिच्या घरी. वाटेत ती दोनदा म्हणाली, ताई हळू, ताई मीच बोलते. मी कुणाचं ऐकते? दारातनंच आवाज टाकला, “माई! विहारात पहिल्या रांगेत बसता आणि घरात सुनेला चुलीला बांधता?”

माई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “आधी बस. पाणी पी. मग भांड.”

मी बसले नाही. पाणी मात्र प्यायले, कारण पायलने हातात दिलं. “रविवारी कुंदाची परीक्षा आहे,” मी म्हणाले, “आणि ती जाणार.”

“रविवारी पाव्हणे हायेत,” माई म्हणाली. “कुंदा गेली तर पोरीचं बघणं कसं व्हायचं? ही काय पहिली परीक्षा हाय व्हय? पुढच्या टायमाला जाईल.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुंदा बोलली. वर्गात बोलते तशीच, बोट दुमडून. “एक, स्वयंपाक कुंदाच करते. दोन, परीक्षा पुढच्या वेळी परत येते.”

“काय बडबडतीस?”

“तुम्ही आत्ता बोललात त्याच्यात काय धरलंय ते सांगतेय, माई. पहिलं खरं आहे. दुसरं नाही. माझं वय संपलं. हा शेवटचा पेपर. ह्याच्यापुढे मला बसूच देत नाहीत.”

माईचा हात थांबला. “शेवटचा?”

“हो.”

“मला कधी सांगितलंस? तीनदा गेलीस, तीनदा आलीस. मी आपली समजत होते, चौदा एप्रिलवानी दरसाल येतंय हे बी.”

हे कुंदालाही लागलं असावं. घरात तिने वयाचं कधी काढलंच नव्हतं. सांगितलं तर ‘मग आता सोडूनच दे’ म्हणतील, असं ती धरून बसलेली.

पण माई म्हणजे काय पाझरणारी बाई नाही. लसणाची पाकळी ताटात टाकून म्हणाली, “आता तुझं सांगते. तू परीक्षेला चाललीस ह्याच्यात तू काय धरलंयस? की म्हातारी चार माणसांच्या भाकऱ्या थापंल. माझं मनगट बघितलंस का?” तिने उजवा हात पुढे केला. सांध्यावर सूज होती. “सांग की. धरलंयस का न्हाई?”

कुंदा म्हणाली, “धरलंय.”

“मग?”

तेवढ्यात प्रमोद आला. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या कँटीनला आचारी. अंगाला कायम फोडणीचा वास, स्वभाव मऊ, म्हणजे माझ्या मते नको इतका मऊ. सगळ्यांचे चेहरे बघून तो चपला काढायचा थांबला.

पायल आतून म्हणाली, “दादा करेल की.”

“काय करेल?” प्रमोद.

“जेवण. रविवारी.”

खरं सांगते, मला पण हे सुचलं नव्हतं. दोनशे माणसांचं जेवण रोज उतरवणारा माणूस घरात बसून साखर संपली वाटतं म्हणतो, आणि आम्ही तिघी बायका भांडतोय की स्वयंपाक कोण करणार!

“पाव्हण्यांम्होरं पोरगा चुलीपाशी?” माई कडाडली.

“रोजच असतो की मी चुलीपाशी,” प्रमोद म्हणाला.

“ते पगाराचं. घरात केलं की माणसं म्हणत्यात बायकूनं नाचवला.”

“म्हणू दे,” पायल म्हणाली. “आणि दादाच्या हातचं गोड नाही लागलं तर जातील उपाशी. माझी पण सुटका.”

“तू गप बस गं, लग्नाच्या आधी जीभ बघा!”

प्रमोदने कुंदाकडे बघितलं. “मटण का चिकन?” त्याने विचारलं. बस. एवढंच.

रविवारी कुंदा पहाटेच निघून गेली. मी दुपारी मुद्दाम तिच्या घरी जाऊन बसले, तोंडी लावायला. इगतपुरीचे चौघे आले. मुलगा, त्याचे वडील, काका, आणि एक मावशी. मावशीची नजर सगळीकडे. “सूनबाई दिसत नाहीत?”

माईने पदर सावरला. “सून बँकेत हाय आमची,” ती म्हणाली.

मला ठसका लागला. प्रमोद आत रस्सा ढवळत होता, त्याची पळी वाजायची थांबली. पाहुण्यांचे चेहरे मात्र असे उजळले की विचारू नका. वडील म्हणाले, वा वा. काका म्हणाले, सरकारी का हो? आणि माई थापा ठोकत गेली. काऊंटरला बसती, रविवारी पण बोलावत्यात.

जेवणं झाली, सुपारी चालली होती, आणि कुंदा आली. घामेजलेली, हातात पेन्सिल अजून तशीच. मावशी तिला बघून म्हणाली, “या, बँकवाल्या! कुठल्या शाखेत हो?”

कुंदाने माईकडे पाहिलं. माईने डोळे मोठे केले. मला कुंदाच्या मनातलं कळत होतं. मोजत होती, कोण काय धरून बसलंय.

“बँकेत नाही अजून,” ती म्हणाली. “आज पेपर देऊन आले. पास झाले तर होईन.”

मुलाच्या वडिलांनी सुपारी गालात एकीकडे सारली. “मग निकाल लागू द्या,” ते उठत म्हणाले. “बघू.”

पाहुणे गेल्यावर माईने जो तोफखाना सुरू केला, तो चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. “एवढं खरं बोलायची काय गरज होती? पोरीचं जमत आलेलं!” आणि पायल आठवडाभर कुंदाशी नीट वागली नाही, हेही खरं. म्हणजे आता त्या एका पेपरवर दोघींचं अडकलं होतं. कुंदाची नोकरी आणि पायलचं लग्न.

पेपर कसा गेला, हे कुंदाने मला दुसऱ्या दिवशी विहाराच्या पायरीवर सांगितलं. पेपर हिंदीत. गृहीतकाचे प्रश्न आले, बरे गेले. एकापाशी ती अडकली. एक शिक्षक विद्यार्थ्यांना सल्ला देतो: नोकरी हवी असेल तर मन लावून अभ्यास करा. गृहीतक: मन लावून अभ्यास केल्याने नोकरी मिळते.

“ताई, मला हसूच आलं. मग रडू. आपल्या गल्लीत किती पदवीवाले रिक्षा चालवतात? जयदेव दोन पेपर पास होऊन पोस्टात स्टॅम्प मारतोय. सगळं आयुष्य ओरडत होतं, कुठलंच नाही, कुठलंच नाही. पेन्सिल टेकवून बसून राहिले. बाजूची बाई पानं उलटतेय, माझं तेच.”

“मग?”

“मग त्या मास्तरचा चेहरा समोर आणला. बिचारा. तो हेच धरून बोलतोय ना? केला गोल काळा. आणि पुढे गेले.”

निकाल लागायला महिने गेले. त्या महिन्यांत कुंदाला बघवत नव्हतं. धागे कापताना एकदा तिने चांगली पँटच कापली. शेठने गठ्ठे बंद केले. अभ्यासिकेत यायची, पुस्तक उघडायची, मिटायची. मी म्हणायचे, बस गं एका जागी, तर म्हणायची, तुम्ही बसता का? रोज पोस्टमनच्या वेळेला दारात. इगतपुरीहून निरोप नाही. माई येता-जाता टोमणा मारणार: “खरं बोलून पोट भरलं का?”

लेखी पास झाली. मुलाखतीत एका साहेबाने विचारलं, आप शादीशुदा हैं, दूर भेजेंगे तो घरवाले मानेंगे? कुंदा म्हणाली, “सर, यही सवाल मेरे पति से भी पूछते क्या?” मला सांगताना ती स्वतः घाबरलेली. मी म्हणाले, गेली नोकरी.

नाही गेली. नेमणुकीचं पत्र आलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत. आठ दिवसांत इगतपुरीची मावशी पेढे घेऊन हजर. माईने पायलला विचारलंसुद्धा नाही, पेढा तोंडात घातला. पायलने तो चावला आणि म्हणाली, “मुलाला एकदा एकट्याला भेटते, मग सांगते.” माईने कपाळावर हात मारला. पण भेटली ती. शिवमंदिराच्या बाहेरच्या दुकानात उसाचा रस प्याले दोघं, आणि परत येऊन तिने हो म्हटलं.

पण घरात वेगळंच वादळ. नंदुरबार! माई म्हणाली, आता कोण जातंय तिथं, पत्र आलं तेवढं बास झालं, मान मिळाला. मी म्हणाले, आपण मंत्रालयात अर्ज देऊ, बदली करून घेऊ, न झाली तर उपोषणाला बसू. सगळे जोरजोरात बोलत होतो. कुंदा पेटीत साड्या भरत होती.

“अगं, आम्ही काय बोलतोय?”

“ऐकतेय,” ती म्हणाली, आणि पेटीचं झाकण दाबायला पायलला वर बसवलं.

कल्याणच्या एसटी स्टँडवर मी, माई, पायल आणि प्रमोद. धुळ्याची गाडी लागलेली. माई तिच्याशी चार दिवस बोलत नव्हती, तरी आलेली. मी उगीच कंडक्टरशी पेटीवरून भांडले. कुंदा खिडकीत बसली.

“दोन-तीन वर्षं काढ कशीतरी,” प्रमोद खालून म्हणाला. “मग बदली होऊन येशीलच परत.”

“मीच यायचं का?” कुंदा म्हणाली. “तुम्ही या की तिकडं.”

मी प्रमोदकडे पाहिलं. माईने पण पाहिलं. ड्रायव्हरने गाडी चालू केली, सगळं स्टँड थरथरलं. प्रमोदने पाण्याची बाटली खिडकीतून आत दिली आणि हात खिडकीच्या गजावर तसाच ठेवला.

“तिकडं ऊन लई म्हणतात,” तो म्हणाला. “पत्र्याचं घर नको बघू. मला पत्र्याखाली झोप येत नाही.”